पुढे, पुढे, मान्य

सुईबाईच्या घरात व्हायरस शिरला तो तारेतून नाही की हवेतून नाही. रीतसर बेल वाजवून, बूट काढून, पायपुसण्यावर पाय घासून आणि "चहा टाका रे कोणीतरी, साखर कमी" असं म्हणत तो आत आला. व्हायरस म्हणजे तिचे थोरले दीर.

भाऊजींचं चौकात चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर ते लोकांना खुर्चीत बसवून भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ वाचायला लावायचे आणि एखाद्याला वाचता आली नाही की असे हळहळायचे, जणू माणूस हातचा गेला. स्वतः मात्र त्यांनी जन्मात कशाचंही बारीक अक्षर वाचलं नव्हतं. कॉम्प्युटरसमोर बसले की त्यांचं बोट एकाच तालात चालायचं. पुढे, पुढे, मान्य, पुढे. चौकट काय विचारतेय, कोणाकोणाला घरात घ्यायचं म्हणतेय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एवढ्या भांडवलावर अख्ख्या नात्यागोत्यात त्यांचा लौकिक होता, 'कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस'.

सुईबाई हे नावही त्यांनीच पाडलेलं. तिनं मागच्या खोलीत भरतकामाचं मशीन बसवलं तेव्हा ते चेष्टेनं म्हणाले, आणि ते नाव तिला असं चिकटलं की आता तिचा नवरासुद्धा तिला त्याच नावानं हाक मारायचा. मशीनला नक्षी लागते ती कॉम्प्युटरवर काढायची, पेन ड्राइव्हवर घ्यायची, पेन ड्राइव्ह मशीनला लावायचा, की सुई आपोआप टाके घालत सुटते. त्या नक्ष्या म्हणजे सुईबाईचा जीव. पानं, वेली, शाळांची बोधचिन्हं, डॉक्टरांच्या कोटावरची नावं, सगळं तिनं टाका टाका जुळवून काढलेलं. म्हणून ती काळजीही तशीच घ्यायची. अँटिव्हायरस विकतचा. अनोळखी मेल आला की उघडायचा नाही. लाल दोरा बांधलेला पेन ड्राइव्ह फक्त मशीनसाठी, तो दुसरीकडे कुठे लावायचा नाही. आणि सगळ्याची आणखी एक प्रत निळ्या दोऱ्याच्या पेन ड्राइव्हवर, बटणांच्या डब्यात, बटणांच्या खाली.

त्या रविवारी ती दोरे आणायला बाजारात गेली होती. नवरा बस चालवतो. सुट्टीच्या दिवशी तो सोफ्यावर असा झोपतो की कोणी सोफा उचलून नेला तरी कळू नये. त्यानं अर्ध्या झोपेत दार उघडलं, 'दादा, ये' म्हटलं आणि पुन्हा आडवा झाला. सुईबाई परतली तेव्हा भाऊजी तिच्या खुर्चीत बसले होते, हात झटकत, मोरी तुंबलेली मोकळी केल्यासारखे.

"तुझा कॉम्प्युटर कुठल्या अवस्थेत होता, कल्पना आहे का तुला? दमेकरी झाला होता, दमेकरी."

सुईबाईच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "होता म्हणजे?"

"साफ केला! आधी तुझा तो अँटिव्हायरस उडवला. दारात खुर्ची टाकून बसलेला वॉचमन नुसता. येईल त्याला अडवतो. मला अडवत होता, मला!"

"त्यासाठीच ठेवला होता त्याला."

"त्याच्या जागी तीन टाकले. तिन्ही मोफत!" भाऊजींनी तीन बोटं नाचवली. ती तिन्ही मंडळी पडद्यावर एकमेकांच्या उरावर बसली होती. पहिल्याला उरलेले दोघं व्हायरस वाटत होते, दुसऱ्याला पहिला आणि तिसरा, आणि तिसरा नुसताच शंख करत होता. "शिवाय त्यांच्याबरोबर हवामान आलं, कुपनं आली, एक फळं फोडायचा खेळ आला. आपण न मागता! याला म्हणतात सर्व्हिस."

"आणि माझ्या नक्ष्या?"

"कसल्या नक्ष्या? हां, तेच सांगत होतो. विचित्र शेपटाच्या फायली सापडल्या तुझ्याकडे. फायलीच्या नावामागे शेपूट असतं ना, ते. एवढी वर्षं कॉम्प्युटर बघतोय, असलं शेपूट जन्मात पाहिलं नाही. म्हटलं, हाच तो."

"हाच तो कोण?"

"व्हायरस गं! किती पसरला होता माहितीये? त्या लाल दोऱ्याच्या पेन ड्राइव्हवर पण तोच. मग मला वास आला. शोधता शोधता बटणांच्या डब्यात हात घातला, तर खाली निळ्या दोऱ्याचा, आणि त्याच्यावर पण तेच! सगळे उडवले. कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. आपलं काम मुळापासून असतं."

सुईबाई खाली बसली. खुर्चीत भाऊजी होते म्हणून जमिनीवर बसली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या मॅडम यायच्या होत्या. गावाबाहेरच्या तळ्याकाठी मोठं हॉटेल होतं. तिथल्या खोल्या, चादरी, टॉवेल सगळं या मॅडम बघायच्या. त्यांना प्रत्येक टॉवेलवर बगळा हवा होता. एवढं मोठं काम सुईबाईला आजवर मिळालं नव्हतं. बगळा तिनं महिनाभर खपून काढला होता, एकेक पीस वेगळ्या तिरक्या टाक्यानं भरलेलं. तो बगळा भाऊजींनी शेपटाला धरून फेकून दिला होता.

मॅडम आल्या, खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. सुईबाई म्हणाली, "नक्षीचं जरा झालंय असं, मी तुम्हाला आधी कागदावरचा फोटो..." तिनं माउस हलवला आणि पडद्यावर पिवळी चौकट उसळली. 'केस गळतात?' मॅडमचा हात आपोआप भांगाकडे गेला. सुईबाईनं फुली शोधली, दाबली. फुली दाबल्याबरोबर दुसरी चौकट आली. 'तुमच्या परिसरातले एकटे पुरुष तुमची वाट पाहत आहेत.' तिसरी आली ती भोंगा वाजवत आली, आणि रात्रपाळी करून झोपलेला नवरा सोफ्यावरून उठून "ब्रेक! ब्रेक!" ओरडला.

मॅडम उभ्या राहिल्या. "हे बघा, मी शुक्रवारी येते. बगळा मला टॉवेलवर दिसला पाहिजे. आणि हे पुरुष वगैरे मला नको."

संध्याकाळी जाऊबाई आणि भाऊजी चौकशीला आले. सगळं ऐकून भाऊजींनी चष्मा पुसला. "तूच नको तिथे क्लिक केलं असणार. मी गेलो तेव्हा मशीन आरशासारखं लख्ख होतं. बायकांची बोटं फार पळतात."

"दादा मुद्दाम थोडंच करेल," नवरा म्हणाला.

सुईबाई नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं मनाशी एक गोष्ट पक्की केली. तिला भाऊजींच्या तोंडून 'माझं चुकलं' हवं होतं. एवढेच दोन शब्द, याच चार जणांसमोर. सुई बोटात घुसली तरी ती आजवर कधी ओरडली नव्हती. आताही ओरडली नाही. पण त्या रात्री तिनं कांदा चिरला तो असा बारीक, की नवरा पानावर बसून निमूट जेवला.

आधी काम. तिनं इंटरनेटची तार उपटली. तिन्ही भांडखोर एकेक करून हाकलले, हवामान हाकललं, फळं हाकलली, ब्राउझर धुऊन पुसून मूळपदावर आणला. जुना वॉचमन परत दारात बसवला आणि त्याच्याकडून सगळं घर दोनदा झाडून घेतलं. पासवर्ड बदलला. सगळ्यात शेवटी बगळा नव्यानं काढायला घेतला. पण हात तोच असला तरी मन ते नव्हतं. पहिला बगळा शांत होता, पाण्यात आपलं तोंड बघणारा. हा नवा बगळा मान तिरकी करून, एक डोळा रोखून असा बघत होता की समोरच्यानं खिसे उलटे करून दाखवावेत. तिनं डोळा तीनदा उसवला. तीनदा तोच डोळा आला.

शुक्रवारी मॅडमनी टॉवेल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "बगळा छान आहे. पण हा गिऱ्हाइकाकडे असा का बघतोय?"

सुईबाईच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "टॉवेल घरी नेऊ नयेत म्हणून."

मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना त्याच टॉवेलनं डोळे पुसावे लागले. "दर आठवड्याला टॉवेल जातात हो माझे! हाच डोळा ठेवा. बदललात तर काम परत घेईन."

काम मिळालं. सुईबाईचा राग निवायला हरकत नव्हती, पण तो निवला नाही. उलट आता त्याला वेळ मोकळा मिळाला. काम तिनं मिळवलं होतं. गेलेल्या नक्ष्या गेल्याच होत्या, आणि ते दोन शब्द अजून कोणी उच्चारले नव्हते.

रविवारी ती भाऊजींकडे गेली. ते टेबलावर त्यांचा गळांचा डबा उघडून बसले होते. मासे धरणं हा त्यांचा दुसरा धर्म. पिसं, रेशीम, चमकी बांधून ते हातानं खोटे किडे बनवायचे, एकेक किडा आठवडाभर. पुढच्या रविवारी तळ्यावर गळवाल्यांची स्पर्धा होती.

"भाऊजी, तुमच्यासाठी उशीचा अभ्रा करते म्हटलं. मोफत."

"मोफत? वा!" भाऊजींनी मान वर न करता म्हटलं.

"अभ्र्याबरोबर टॉवेल, पडदा वगैरे पण येईल. चालेल ना?"

"हो, हो. पुढे."

"घराची साफसफाई पण करून देईन. अनोळखी वस्तू काढून टाकल्या जातील."

"पुढे, पुढे." ते दातात रेशीम धरून गाठ मारत होते.

"मान्य ना?"

"मान्य गं बाई! सोड आता, गाठ सुटेल."

जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्या सुईबाईला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि त्यांनी दार लोटलं. सुईबाईला वाटलं, आता ऐकावं लागणार. जाऊबाईंनी नळ सोडला, आवाजासाठी.

"काय करणार आहेस ते मला नको सांगूस. किल्ली घे. बुधवारी हे दुकानात असतात."

"ताई, तुम्ही?"

"माझ्या आईचा आवाज होता माझ्या फोनमध्ये. शेवटच्या आजारपणातला. 'जेवलीस का' एवढंच विचारते. यांनी फोन साफ केला. म्हणाले, जुनी अनोळखी फाइल होती." जाऊबाईंनी नळ बंद केला. "आणि म्हणाले, तूच नको तिथे दाबलंस."

बुधवारी दोघींनी मिळून काम केलं, आणि कधी नव्हे ते एकमेकींचं पटलं.

त्या संध्याकाळी भाऊजी दमून येऊन पलंगावर पडणार, तर उशीवर लाल चौकट. आत काळ्या दोऱ्यानं: 'सावधान! या डोक्यात गंभीर बिघाड आढळला आहे. आत्ताच साफ करा.' कोपऱ्यात फुली होती, पण कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यात, मुंगीएवढी. त्यांनी चष्मा वर करून, डोळे बारीक करून ती शोधली आणि, जाऊबाईंनी हे स्वतः पाहिलं, बोटानं दाबली.

मग ओशाळून त्यांनी अभ्रा ओढून काढला. आत दुसरा अभ्रा होता. 'खरंच जायचंय? पुन्हा विचार करा.'

"बाकीचे अभ्रे कुठे आहेत?" ते ओरडले.

"भिजत घातलेत," जाऊबाई म्हणाल्या. "सगळे."

तोंड धुऊन टॉवेल घेतला, तर 'केस गळतात?' हा प्रश्न त्यांच्या टकलाला फारच लागला. जेवायला बसले, तर मांडीवरच्या रुमालावर 'अभिनंदन! आजचे भाग्यवान जेवणारे तुम्हीच!' आणि झोपायच्या खोलीच्या पडद्याची अक्षरं बाहेरच्या बाजूला होती, म्हणून ती त्यांनी वाचलीच नाहीत. समोरच्या इमारतीतला विधुर पेन्शनर मात्र सकाळ-संध्याकाळ खिडकीत येऊन त्यांना अदबीनं हात का हलवतो, हे त्यांना शनिवारपर्यंत कळलं नाही. शनिवारी त्यांनी रस्त्यातून वर पाहिलं. 'तुमच्या परिसरातले एकटे पुरुष तुमची वाट पाहत आहेत.'

त्यांनी भावाला फोन लावला. "तुझ्या बायकोला आवर!"

"दादा, ती मुद्दाम थोडंच करेल," नवरा म्हणाला. सुईबाई शेजारीच बसली होती. तिनं त्याला त्या दिवशी पोळी वाढली ती तूप लावून.

"आणि बुधवारपासून मान अवघडलीय माझी," भाऊजी फोनमध्ये कण्हत होते. "झोपच नाही. काहीतरी टोचल्यासारखं होतं."

रविवारी सकाळी दोघं नवरा-बायको भाऊजींकडे पोचले. खिडकीखाली गळवाले मित्र गाडी लावून हॉर्न देत होते. भाऊजी टोपी घालून, बूट चढवून तयार होते. त्यांनी डबा उघडला. डबा रिकामा होता. तळाशी एक छोटा चौकोनी कापडी तुकडा, नीट चारही कडा दुमडून भरलेला: 'सफाई यशस्वी झाली.'

भाऊजींनी डबा उलटा करून झटकला. "माझे गळ! माझे किडे कुठेयत?"

"ते होय?" सुईबाईनं पर्स मांडीवर ठेवली. "पिसं होती, काटे होते, चमकत काय होते. भाऊजी, मी एवढी वर्षं दोरे-सुया बघतेय, असली वस्तू जन्मात पाहिली नाही. म्हटलं, हाच तो."

"अगं, वर्षं घालवलीत मी त्यांच्यावर! एकेक पीस हातानं बांधलंय!"

"एकेक टाका," सुईबाई म्हणाली. हे मात्र तिनं हळू म्हटलं.

"तुला कोणी सांगितलं होतं माझ्या वस्तूंना हात लावायला?"

"तुम्हीच. अनोळखी वस्तू काढून टाकल्या जातील, मान्य? तुम्ही म्हणालात, मान्य. ताई होत्या दारात. तुम्हीच नको तिथे हो म्हणालात, भाऊजी. पुरुषांची जीभ फार पळते."

खाली हॉर्न वाजला. नवऱ्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शहाण्यासारखं मिटलं.

"कुठे टाकलेस?"

"ते सांगेन. आधी तुमच्या बाजूनं दोन शब्द यायचेत."

भाऊजींना कळलं. चेहरा लाल झाला. "ठीक आहे. झालं असेल काहीतरी तेव्हा."

"पुन्हा प्रयत्न करा," सुईबाई म्हणाली.

"कॉम्प्युटरच जुना होता, त्यात..."

"पुन्हा प्रयत्न करा."

"अगं, ते लोक निघून जातील!"

सुईबाई उठली आणि तिनं खिडकी सताड उघडली, म्हणजे खालच्यांनाही नीट ऐकू जावं. पेन्शनरही समोरच्या खिडकीत आला.

"माझं चुकलं!" भाऊजी ओरडले. खालचा हॉर्न थांबला. "चुकलं माझं! नाही वाचलं मी! मला नव्हतं कळत ते शेपूट काय आहे! झालं समाधान?"

झालं होतं. सुईबाईला पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत असं गार, गोड वाटलं की तिनं ते क्षणभर नुसतं अंगावर घेतलं. या सुखाची तिनं रात्र रात्र वाट पाहिली होती आणि ते अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं. मग तिची नजर जाऊबाईंकडे गेली. जाऊबाई टेबलावरचा तो छोटा कापडी तुकडा बोटानं सरळ करत होत्या, तो सरळच होता तरी.

"माझं झालं," सुईबाई म्हणाली. "त्यांचं राहिलंय."

"तिचं काय?"

जाऊबाईंनी फोन उचलला आणि उलटा करून ठेवला, एवढंच. भाऊजी त्या फोनकडे बघत राहिले. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणारा माणूस. या वेळी त्यांनी स्वतः वाचलं. टोपी काढली.

"तो... आईंचा," ते म्हणाले. आता आवाज खिडकीपर्यंतसुद्धा गेला नसेल. "ते माझ्याच हातनं गेलं. तू नव्हतं दाबलंस. मला तेव्हाच माहीत होतं."

जाऊबाईंनी मान हलवली. माफ केलं असं त्या मानेत नव्हतं, पण ऐकलं एवढं होतं. मग त्या आत गेल्या, पलंगावरची उशी घेऊन आल्या आणि त्यांनी ती नवऱ्याच्या हातात दिली. भाऊजींनी चाचपलं. आत मधोमध काहीतरी कडक, चपटं. अभ्र्याखालचा अभ्रा, त्याच्या आतली शिवण उसवली आणि कापसातून पत्र्याची डबी निघाली. सगळे किडे आत, फेल्टवर ओळीनं टोचलेले, एक पीससुद्धा वाकलेलं नाही.

"चार रात्री माझ्या डोक्याखाली?"

"मागच्या मागे चालू होतं," सुईबाई म्हणाली. "असले प्रोग्रॅम दिसत नाहीत, भाऊजी. फक्त सगळं संथ होतं आणि मान दुखते."

स्पर्धेत भाऊजींना एकही मासा लागला नाही. मित्रांनी दिवसभर त्यांना दोनच शब्द ऐकवले.

ते पुढच्या रविवारी आलेच, चहाला. सवयीनं पाय मागच्या खोलीकडे वळले, आणि उंबऱ्यावर थबकले. कॉम्प्युटरवर नवं कापडी आच्छादन होतं आणि त्यावर बगळा, मान तिरकी केलेला, एक डोळा रोखून. खाली मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी भरलेलं होतं. भाऊजी वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ओठ हलवत ओळ शेवटपर्यंत वाचली.

'या यंत्राला हात लावण्यापूर्वी बाहेर जाऊन बसावे.'

ते बाहेर जाऊन बसले. सुईबाईनं चहा आणला. साखर जास्त घातली होती.